एका पालीची पोच

निशिकांत खासनीस यांची एक निळी फाईल आहे. प्लास्टिकची, टिचबटणाची. पासपोर्ट, वर्क पास, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, घराचा भाडेकरार, झाडून सगळं तिच्यात. प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स, आणि ती हरवली तर म्हणून आणखी एक. बारा वर्षं मी सिंगापुरात लोकांचे कागद बघतेय. जुरोंगला एका ब्लॉकखाली सिमेंटचं टेबल आहे, रविवारी तिथं बसते. लोक पिशवीत कोंबलेले, घामानं भिजलेले, घडीवर फाटलेले कागद आणतात. मी आधी ओरडते, मग वाचते. खासनिसांच्या फाईलवर ओरडायला मला कधी जागा सापडली नव्हती.

आणि याच माणसानं दोन हजार तेराच्या ऑगस्टमध्ये, कुणीही विचारलेलं नसताना, स्वतःच्या हातानं सरकारला लिहून कळवलं, की माझ्या घरात पाच महिने एक बेकायदा पाल आहे.

खासनीस मूळचे सांगलीचे. वडील पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांनी मुलाला एकच विद्या दिली. अर्ज नामंजूर झाला तरी चालेल, पण पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. अर्ज आपण आधी टाकलाय आणि त्याच्या प्रतीवर तारखेचा शिक्का आहे, मग आपल्याला कुणी काही करू शकत नाही, अशी त्या घराची श्रद्धा. आमच्याकडे देव्हाऱ्यात देव असतात तसे त्यांच्याकडे शिक्के.

मुलगा शिकला, इंजिनियर झाला, तुआसच्या एका जहाजांच्या यार्डात वेल्डिंगची तपासणी करायला लागला. काम सरळ. जोड बघायचा, बरोबर असला तर सही, नसला तर लाल खडूनं फुली. आधीच्या यार्डात त्यांना मागच्या तारखेची सही मागितली होती. जोड बघितलेला नाही, सही होणार नाही, म्हणाले. नोकरी गेली. नवी मिळेपर्यंतचे सव्वीस दिवस त्यांनी आणि बायकोनं, नीलिमानं, बॅगा भरून काढले. माझी ओळख झाली ती पुढच्या यार्डातल्या भानगडीत. एका वेल्डरच्या पायावर प्लेट पडली होती, आणि ते मी बघितलं, असं कागदावर लिहून द्यायला सगळ्या यार्डातून हा एक माणूस माझ्या टेबलापाशी आला होता. सही केली, आणि विचारलं, "ताई, याची पोच?"

आता त्या वर्षाचं सांगते, म्हणजे भीती कसली होती ते कळेल. जानेवारीत त्यांनी पीआरचा, म्हणजे इथं कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज भरला होता. यार्डात ऑर्डरी आटत चाललेल्या. खासनिसांचा पास यार्डाच्या जिवावर. नीलिमाची चांगी बिझनेस पार्कातली अकाउंट्सची नोकरी त्यांच्या पासला टांगलेली. मुलीची, आर्याची, शाळा त्याच दोरीच्या टोकाला. यार्डानं नारळ दिला की महिन्याभरात तिघांनी विमानात बसायचं. आर्या नऊ वर्षांची, जन्मल्यापासून इथली. सांगलीला गेली की तिसऱ्या दिवशी विचारते, "बाबा, वी गोइंग होम व्हेन?" पीआर झाला की ती दोरी सुटणार होती. त्यामुळे घरात कुणी लाल दिव्यातही रस्ता ओलांडत नव्हतं.

आणि अकरा मार्चला टोके आली.

इंडोनेशियातून व्हॉल्व्हची खोकी आली होती. एक उघडलं तर आत भुशात, चिकटपट्टीत मागचा पाय गुंडाळलेली, वीतभराहून मोठी पाल. आपल्या भिंतीवरची बिचारी पांढरट पाल नव्हे. निळसर राखाडी अंग, त्यावर शेंदरी ठिपके, डोळे पिवळे आणि जबडा असा की बघणाऱ्यानं हात खिशात घालावा. टोके म्हणतात तिला, कारण ती तसंच ओरडते. त्या वर्षांत या पालीचं काहीतरी औषध होतं अशी अफवा सगळीकडे होती. सपशेल खोटी, पण तिच्यापायी पाली पोत्यांनी मारल्या जात होत्या. खोक्याभोवती माणसं जमली. एक म्हणाला, पलीकडे मलेशियात, जोहोरमध्ये गिऱ्हाईक आहे. दुसरा दारूची रिकामी बाटली घेऊन आलासुद्धा, आत बुडवायला.

खासनीस मधे उभे राहिले. "या खोक्याची तपासणी झालेली नाही. तपासणी होईपर्यंत आतलं काही हलवायचं नाही." आणि खिशातली लाल चिठ्ठी काढून, ज्यावर 'थांबवलेला माल' असं छापलेलं असतं, ती त्यांनी खोक्याला बांधली. पालीला बांधली म्हटलं तरी चालेल.

माणसं हसत पांगली. संध्याकाळी खासनिसांनी कात्रीनं चिकटपट्टी कापली. पालीनं आभार म्हणून त्यांचा अंगठा पकडला. टोके चावली की सोडत नाही. यांनी घड्याळ लावलं, अकरा मिनिटं. नंतर हात पाण्याच्या बादलीत घातला तेव्हा सुटली. मग जेवणाच्या डब्याचा सगळ्यात मोठा पुडा धुऊन, झाकणाला भोकं पाडून, पाल बसमधून आणि एमआरटीच्या गाडीतून चोआ चू कांगला घरी, आठव्या मजल्यावर.

"डब्यात काय आहे?" नीलिमानं विचारलं, कारण डबा चालत होता.

"पाल."

"मग बाहेर टाक."

"मोठी आहे."

"निशिकांत, मोठी पाल बाहेर टाकायची नसते असा नियम आहे का?"

नियम खरंच होता, हे त्यांनी त्याच आठवड्यात लायब्ररीत जाऊन वाचलं. सिंगापुरात असला प्राणी घरी पाळणं बेकायदा. झाडीत नेऊन सोडून देणं, तेही बेकायदा. पुढचं न वाचता ते घरी आले. पायाची सूज उतरेपर्यंत ठेवू, एवढंच ठरलं. पालीला मारायचं नाही, यावर मात्र नीलिमाही ठाम. त्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला पाल दिसली तर लांबून हळदकुंकू वाहतात.

पाल राहायला गेली बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या नव्या फ्लॅटांत पोलादी दाराची एक खोली असते. युद्ध झालं तर आत बसायचं, तोवर सूटकेसा आणि तांदूळ ठेवायचा. तिथं प्लास्टिकची मोठी पेटी, आत झाडाची साल, वर नीलिमाची जुनी ओढणी. आर्यानं पहिल्या दिवशीच नाव ठेवलं: अंकल. का, तर तो फूड सेंटरमधल्या कॉफीवाल्या अंकलसारखा दिसतो. "सेम फेस, बाबा. ऑल्सो ऑल्वेज अँग्री."

आणि खासनिसांनी वही घातली. यार्डातल्या तपासणी अहवालासारखे रकाने. तारीख. वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. डावा मागचा पाय. खाणं. आवाज. तपासले: नि. वि. खासनीस. खाली आर्यासाठी एक रकाना, पडताळले. ती रोज सही करायची.

खाणं म्हणजे झुरळं आणि नाकतोडे. नाकतोडे पक्ष्यांच्या दुकानात मिळतात. इथले म्हातारे गाणारे पक्षी पाळतात, त्यांच्यासाठी. दुकानदारानं तिसऱ्या खेपेला विचारलं, "व्हॉट बर्ड, आह?" हा माणूस खोटं बोलू शकत नाही. गप्प उभे राहिले. दुकानदारानं दोनदा विचारलं, मग बहिरा समजून खुणा करायला लागला. पुढचे पाच महिने खासनीस त्या दुकानात बहिरे होते.

सूज एप्रिलमध्ये उतरली आणि आवाज सुरू झाला.

टोकेचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. आधी गाडी सुरू होत नाही तसा घशातल्या घशात कडकडाट. मग 'टोsss-के!' एकदा नाही, पाच-सहा-सातदा, प्रत्येक वेळी जरा उतरत. संध्याकाळी सात-सव्वासातला, दिवेलागणीची वेळ, शेजारीपाजारी दारं उघडी टाकून बसलेले. शेल्टरचं दार पूर्ण लावावं तर पाल गुदमरेल, उघडं ठेवावं तर आठवा मजला ऐकेल. पहिल्या संध्याकाळी नीलिमा धावत स्वयंपाकघरात गेली आणि तिनं मिक्सर लावला. रिकामा. मग रोजचंच झालं. कडकडाट ऐकू आला की मिक्सर. मिक्सर तापला की देवघरातली घंटा. घंटा वाजवणारी आर्या, मिक्सर नीलिमा, आणि खासनीस दाराशी कान लावून, बाहेर कुणाची पावलं येतात का बघत.

शेजारच्या गो आँटी लिफ्टमध्ये म्हणाल्या, "एव्हरी डे चटणी, आह?"

"येस, आँटी."

"वाह. सो मच चटणी."

त्या दिवशी नीलिमाला चपाती गेली नाही. आँटी हसली का? कशाला हसली? खासनिसांनी तीन वेळा तो संवाद पुन्हा म्हणायला लावला. पोस्टाच्या पेटीत पाकीट दिसलं की जिन्यात बसून फोडायचे. ते पीआरचं असेल ही आशा आणि दुसऱ्या कुठल्या खात्याचं असेल ही धास्ती, दोन्ही एकाच पाकिटात. एकदा दारावर पिझ्झावाला चुकून आला, तर यांनी आतून विचारलं, "विच डिपार्टमेंट?"

त्या पाच महिन्यांत त्यांना एकच आठवडा झोप लागली. जूनमध्ये सुमात्रातल्या जंगलांच्या आगींचा धूर आला, आकाश पिवळं झालं, सगळ्या ब्लॉकनं खिडक्या-दारं गच्च लावून घेतली. माणसं मास्क लावून खोकत होती आणि खासनीस म्हणाले, "ताई, जरा बरं चाललंय."

हे ते मला जूनमध्ये म्हणाले, पण का ते सांगितलं नाही. मला पत्ता नव्हता. असता तर जूनमध्येच निकाल लावला असता.

दरम्यान एक विचित्र गोष्ट झाली. नीलिमा बदलली. आपल्याकडे बोलता बोलता पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं म्हणतात. बायका जमिनीवर बोटं आपटून 'कृष्ण कृष्ण' करतात. एका संध्याकाळी ती फोनवर आईला सांगत होती, "यंदा होईल गं आमचा पीआर." आणि आतून टोके. सातदा. नीलिमानं हातातला फोन सोडून फरशीवर बोटं आपटली. दुसऱ्या दिवसापासून सात वाजले की ती शेल्टरच्या दारात उभी राहून बोलायची, "पीआर होणार. सप्टेंबरच्या आत होणार." आणि वाट बघायची. मिक्सर मागे पडला. ज्या बाईला पाल नको होती तीच आता खासनिसांना विचारायला लागली, "आज नाकतोडे आणलेस ना? उपाशी असली तर बोलत नाही ती."

जुलैत डेंग्यू फार पसरला. घरोघर तपासणी सुरू झाली. एका शनिवारी दुपारी दारावर टॉर्च घेतलेला माणूस. कुंड्या बघितल्या, बाथरूम बघितलं, शेल्टरपाशी आला. ओढणीखाली पेटी हलली.

"समवन इनसाइड?"

आर्या म्हणाली, "अंकल स्लीपिंग, लाह."

तो माणूस ओशाळला. टॉर्च विझवला, सॉरी म्हणाला आणि पायांचा आवाज न करता निघून गेला.

दुसरा कुणी असता तर दार लावून हसला असता. नीलिमा हसलीच. खासनीस सोफ्यावर बसले ते उठेनात. आपल्या घरात, आपल्या मुलीनं, सरकारी माणसाला खोटं सांगितलं, आणि आपण ते दुरुस्त केलं नाही. न बघितलेल्या जोडावर सही झाली. दोन आठवडे त्यांनी अन्न चिवडलं. मग राष्ट्रीय दिनाची लांब सुट्टी आली, घरं लाल-पांढऱ्या झेंड्यांनी भरली, आणि त्या सुट्टीत त्यांनी अर्ज लिहिला. सोमवारी, बारा ऑगस्टला, अर्धी रजा टाकून प्राण्यांच्या खात्यात स्वतः नेऊन दिला. विषय: एक पाल (बिनविषारी) घरी ठेवण्याच्या परवानगीबाबत. सोबत: पासपोर्टची प्रत, पासची प्रत, पालीचा फोटो, पुढून व बाजूनं.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, हे काय आहे. हे म्हणाले, "प्लीज स्टॅम्प माय कॉपी." तिनं बिचारीनं तारखेचा शिक्का मारला. शिक्का बघून, मला नंतर म्हणाले, पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

शुक्रवारी खात्याचा फोन आला. बुधवारी सकाळी दहा वाजता आमचा माणूस येईल, घरी थांबा.

रविवारची वाट न बघता शनिवारीच मला टेबलापाशी बोलावून ते निळी फाईल घेऊन माझ्यासमोर बसले. शिक्का मारलेली प्रत माझ्यापुढे सरकवली. मी वाचली. परत वाचली.

"खासनीस, हे तुम्ही दिलंत? दिलंत म्हणजे, खरंच दिलंत?"

"पोच आहे ना, ताई. आपण आधी कळवलंय."

"अहो, परवाना मिळतच नाही त्या गोष्टीचा परवाना मागितलात तुम्ही! चोरानं चौकीत जाऊन सांगायचं, साहेब, पाच महिने चोरी करतोय, परवानगी असावी, आणि वर शिक्का मागायचा? कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"वडिलांनी."

"वडील पाटबंधाऱ्यात होते! तिथं अर्ज वाचायला वर्ष लागतं, म्हणून पोच कामाला येते. इथं चौथ्या दिवशी वाचतात!"

शेजारच्या टेबलावरचे बुद्धिबळवाले म्हातारे वळून बघायला लागले. मी पाणी प्यायले. मला कायदा कुणी शिकवला नाही, मी वाचून शिकलेय. म्हणून न वाचता कुणी कायद्याच्या तोंडात जाऊन बसलं की माझं डोकं फिरतं. पण खासनिसांचा चेहरा बघितला आणि पुढचं गिळलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. फाईलच्या बटणाशी चाळा चालला होता, टिच, टिच, टिच.

"पीआर जाईल का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"दंड झाला तर तो गुन्हा धरतात का? फॉर्मवर विचारतात, कधी शिक्षा झाली आहे का. आपण हो लिहायचं का?"

"कोर्टात उभं केलं तर. ताकीद दिली तर नाही. कुठलं होईल ते मी सांगू शकत नाही. तुम्ही स्वतः कळवलंय, हे तुमच्या बाजूचं. पाच महिने ठेवलीत, हे तुमच्या विरुद्ध."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. प्रताप आधीच येऊन बसला होता. इथल्या मराठी मंडळात नाटकं बसवतो, बँकेत नोकरीला, खासनिसांचा जुना मित्र. त्याचा उपाय तयार. "अरे, आज अंधार पडला की झाडीत सोडून ये. बुधवारी सांग, पळाली. पाल आहे, पळणारच. पुरावा काय?"

"बाहेर सोडणं बेकायदा आहे," खासनीस म्हणाले.

"ठेवणं बेकायदा, सोडणं बेकायदा, मग माणसानं तिचं करायचं काय? लग्न लावून द्यायचं?"

"पळाली नाहीये ती. पळाली कसं सांगू?"

"पीआरचा रिझल्ट लागेपर्यंत ती कुठे जाणार नाही," नीलिमा म्हणाली. "तुमच्या घरी ठेवा, प्रताप. थोडेच दिवस. रोज सातला बोलते ती, मी फोनवर..." आणि तिचं तिलाच ऐकू आलं ती काय बोलतेय. उठून आत गेली.

आर्या पेटीपाशी उकिडवी बसली होती. "दे विल किल अंकल?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, नाही, प्राणी सांभाळणाऱ्यांकडे देतील. ते खरं असेल असं मला वाटत होतं. तपासून बघितलं नव्हतं.

मग मला वही दिसली. उघडली तर एकशे साठ दिवसांच्या नोंदी, एकही तारीख न चुकता. मी म्हटलं, "खासनीस, ही वही बुधवारी टेबलावर ठेवायची नाही. विचारलं तर द्या, पण आपणहून नाही. त्यांना कळेल ते कळेल, तुम्ही रोज सही करून कळवू नका."

त्यांनी मान हलवली. ती मान कशी हलली ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बुधवारी सकाळी मी दहाच्या आधीच पोचले. लिफ्टपाशी गो आँटी भेटल्या. मला वर-खाली बघून म्हणाल्या, "यू केम फॉर द टोके?"

मी वेड पांघरलं. "व्हॉट टोके, आँटी?"

"अय्या, चटणी मशीन कॅनॉट कव्हर, लाह. माय कम्पाँग टाइम, एव्हरी हाऊस हॅव. आय काउंट." त्यांच्या लहानपणी गावात, कम्पाँगात, घरोघरी टोके असे. बोटांवर मोजून दाखवलं. सात वेळा ओरडली की त्या लॉटरीचा नंबर घेत. पाच महिने खासनिसांच्या घराला ज्या आँटींची भीती होती, त्याच रोज मोजायला बसत होत्या. भिंतीपलीकडून खात्याचं येणंही त्यांनी ऐकलं होतं. "डोंट लेट देम टेक," म्हणाल्या, "लास्ट मंथ ऑलमोस्ट केना." जवळपास लागलाच होता म्हणे.

खात्याचा माणूस बरोबर दहाला आला. फैझल नाव, तरुण, बूट दाराबाहेर काढून आत आला. मोजके प्रश्न. कुठून आली? विकत घेतली का? खासनीस शाळेतल्या मुलासारखे उभे राहून उत्तरं देत होते. पाचव्या प्रश्नाला तो म्हणाला, "अबाउट हाऊ लाँग, सर? रफली."

रफली! या माणसाला! खासनीस आत गेले आणि वही घेऊन आले. मी डोळे मिटले.

फैझलनं वही उघडली आणि वाचतच बसला. पान उलटलं, आणखी उलटलं. नीलिमाचा हात आर्याच्या खांद्यावर, आणि तिची बोटं त्या खांद्यावर आपोआप आपटत होती, कृष्ण कृष्ण. मी बारा वर्षं सरकारी माणसांचे चेहरे वाचतेय; तो चेहरा मला वाचता आला नाही. एकदा त्यानं वर बघून विचारलं, "हू इज व्हेरिफाइड बाय?"

आर्यानं हात वर केला.

"एव्हरी डे?"

"आय वॉज सिक टू डेज. बट आय चेक्ड आफ्टर."

त्यानं वहीचे फोटो काढले, प्रत्येक पानाचे. हातमोजे घातले, एका हातानं मानेपाशी धरून पाल उचलली. अंकलनं मोजा पकडला. फैझल म्हणाला, "ओके, ओके, बॉस," आणि मोज्यासकट त्याला कापडी पिशवीत घातलं. खासनिसांची सही घेतली. वरिष्ठ ठरवतील, पत्र येईल, म्हणाला.

तो दारात बूट घालत होता तेव्हा खासनीस पुढे झाले. मला कळलं काय होणार. मी म्हटलं, "खासनीस, नको."

"सर," ते म्हणाले, "प्लीज गिव्ह मी अ रिसीट."

फैझल एक पाय बुटात घालून थांबला. मग त्यानं फॉर्मचं पुस्तक काढलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं, आणि पान फाडून दिलं. मिळाली: पाल, एक. जिवंत. वजन सांगा, म्हणाला. आर्यानं सांगितलं, "टू हंड्रेड ट्वेल्व ग्रॅम्स. धिस मॉर्निंग." त्यानं तेही लिहिलं.

पुढचे सात आठवडे मी टपालाची जेवढी वाट बघितली तेवढी आयुष्यात कधी कशाची बघितली नाही. सात वाजले की नीलिमा शेल्टरच्या दारात जायची आणि परत यायची. मंडळात बातमी फुटली होती, आणि शंकेच्या पालीचा विनोद ज्यानं त्यानं करून झाला; गणपतीत तो ऐकवणाऱ्या एकाला मी जिन्यात गाठून जे ऐकवायचं ते ऐकवलं. ऑक्टोबरमध्ये खात्याचं पत्र आलं. ताकीद. पुन्हा असं करू नये. खासनिसांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं, पूर्णविरामांसकट, आणि मग ते रडतायत हे मला कळलं.

नोव्हेंबरमध्ये दुसरं पाकीट आलं. पीआरचं. तीन ओळी. आपला अर्ज मान्य करता येत नाही. कारण देत नाहीत. मी फोन केला, ओरडले, पत्र लिहिलं. कारण कुणालाच देत नाहीत. त्या वर्षी माझ्या टेबलावर असे कितीतरी तीन-ओळी कागद आले, पाल न पाळलेल्यांचेसुद्धा.

हे मी खासनिसांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पालीमुळे नाही?"

"तसंही सांगता येत नाही."

"म्हणजे कधीच कळणार नाही."

"नाही."

यार्ड अजून चालू होतं, पास अजून वैध होता, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येणार होता. दोरी तिथल्या तिथं. मी त्यांच्या घरी जेवायला थांबले होते. नीलिमा वाढत होती, आणि आर्यानं ताटातून मान वर न करता विचारलं, "बाबा, बीकॉज ऑफ अंकल, इज इट? बीकॉज आय सेड ही स्लीपिंग?"

नीलिमाचा हात आमटीच्या डावासकट थांबला. मी खासनिसांकडे बघितलं. मला त्यांचं उत्तर माहीत होतं. कारण दिलेलं नाही, सबब सांगता येत नाही. न बघितलेल्या जोडावर हा माणूस सही करत नाही. नोकरी गेली तेव्हा केली नाही, वही दाखवायची वेळ आली तेव्हा केली नाही.

"नाही," खासनीस म्हणाले. "अंकलमुळे नाही. तुझ्यामुळे तर नाहीच."

"शुअर?"

"मी तपासलंय."

आर्यानं मान हलवली आणि भात कालवला. खासनिसांनी फाईल जवळ ओढली, तीन ओळींचा कागद तिच्यात घातला, पालीच्या पोचेच्या मागं, आणि बटण लावलं. टिच. पहिल्यांदा नीट बसलं नाही, म्हणून दोनदा लावावं लागलं.